प्रतिसाद : ‘गुण शोधणं म्हणजे लाड करणं’?

गुन्हेगाराचे गुण शोधत बसलं की पीडितांचा विसर पडतो, हा आक्षेप मला पटत नाही. न्यूझीलंडचे मानसशास्त्रज्ञ टोनी वॉर्ड यांनी गुन्हेगारांच्या पुनर्वसनासाठी मांडलेल्या ‘गुड लाइव्ह्ज मॉडेल’मध्ये धोक्याकडे काणाडोळा नाहीच. काम, नाती, मान या गोष्टी प्रत्येकालाच हव्या असतात. या माणसाने त्या चुकीच्या वाटेने मिळवल्या, तर सरळ वाटेने मिळवायला त्याच्याकडे काय आहे, एवढंच ते विचारतं. आणि हे आपल्याला परकंही नाही. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरची कैद्यांची खुली वसाहत १९३९ची, औंध संस्थानातली. पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने, औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींच्या पाठिंब्यावर उभी राहिलेली. खुनाची शिक्षा भोगणारे कैदी तिथे बायकामुलांसह राहून शेती करत. भिंतीवर नाही, शब्दावर भरवसा!

मी काही काळ तुरुंगातून सुटून आलेल्यांचे नोकरीचे अर्ज भरून देत असे. एकाला विचारलं, “काका, तुम्हाला काय काय येतं?” ते खाली बघत म्हणाले, “तीनशे दोन.” म्हणजे खुनाचं तेव्हाचं कलम. इतकी वर्षं त्यांना तेवढंच विचारलं गेलं होतं. मी पुन्हा विचारलं, आत काय काम करत होता? बऱ्याच वेळाने बोलले, “दोनशे माणसांच्या चपात्यांची कणीक मळायचो. पाणी मोजावं लागत नाही, हाताला कळतं.” त्या दिवशी अर्जातला ‘अनुभव’चा रकाना आम्ही तिथून भरायला घेतला.