पश्चिमेच्या उन्हासाठी कोणतं झाड लावू? (तळेगाव, मुरमाड जमीन)

मुरूमवाला:
नमस्कार मंडळी, तळेगाव दाभाड्याला आमचं बैठं घर आहे, तीन गुंठ्यांचा प्लॉट. पश्चिमेला जुना गुलमोहर होता तो यंदाच्या वळवात मुळासकट आडवा झाला, नशीब गाडी तिथं नव्हती. तेव्हापासून दुपारी तीननंतर हॉलमध्ये बसवत नाही, आणि आईबाबांची बसायची जागा तीच. घराच्या भिंतीपासून कंपाउंडपर्यंत जेमतेम अठरा फूट जागा आहे, दोन फुटांवर मुरूम लागतो, पाण्याची जमिनीखालची टाकी दक्षिणेच्या कोपऱ्यात. नर्सरीवाला म्हणतो सप्तपर्णी न्या, भराभर वाढते. बायकोला बहावा हवाय, बाबा म्हणतात कडुनिंबाशिवाय दुसरं काही लावायचं नाही. मला फक्त मे महिन्यात सावली पाहिजे, फुलं आली तर आली. काय लावू?

रानवाट:
बहावा आधी बाद करा. एप्रिल-मे मध्ये पिवळा झुंबरासारखा दिसतो खरा पण तेव्हा त्याच्यावर पानं नावालाच असतात, म्हणजे ऐन उन्हात तुम्हाला फुलं मिळणार आणि सावली नाही. गुलमोहराचं तरी काय वेगळं होतं, मूळचा मादागास्करचा, लाकूड ठिसूळ, मुळं वरवर पसरलेली, वळवात पहिला तोच पडतो. सप्तपर्णी सावलीला चांगली, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात रात्री फुलते तेव्हा तो वास खिडकीपाशी सगळ्यांना सोसत नाही, घरात कुणाला दम्याचा त्रास असेल तर विचारच करू नका.

पण झाडाच्या आधी जागा ठरवा हो. लोक सावलीसाठी दक्षिणेला झाड लावतात आणि मग म्हणतात उपयोग होत नाही. आपल्याकडे मेच्या मध्यावर सूर्य दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो, पुण्यात तर तेव्हा शून्य सावलीचा दिवसच असतो, आणि संध्याकाळी तो पश्चिमेच्याही थोडा उत्तरेला सरकून मावळतो. त्यामुळे झाड हॉलच्या खिडकीच्या बरोब्बर समोर न लावता किंचित उत्तरेकडे धरा. थंडीत सूर्य नैऋत्येला उतरतो, तेव्हाचं कोवळं ऊनही मग अडणार नाही. टाकीपासूनही आपोआप लांब जाल.

करंजप्रेमी:
रानवाट यांना +१. आणि माझ्या आयडीवरून कळलंच असेल मी काय सांगणार ते 😄 करंज लावा. पान गळतं ते उन्हाळ्याच्या तोंडाला, थोडेच दिवस, की लगेच कोवळी चकचकीत पालवी फुटते आणि एप्रिलपर्यंत झाड गच्च. मुरमात येतो, पाण्याची कटकट नाही, शेळ्या तोंड लावत नाहीत (आमच्या गल्लीत हा मोठाच मुद्दा आहे). पानांवर बारीक बारीक फोड येतात, गाठी धरल्यासारखे, ते बघून लोक घाबरून औषध मारायला निघतात, पण ते सूक्ष्म कोळ्यांचं काम असतं, झाडाला काही होत नाही, सोडून द्या. खाली फुलांचा आणि नंतर शेंगांचा सडा पडतो, झाडायची तयारी ठेवा. गाडी त्याच्याखाली लावणार असाल तर मग बोलू नका.

माई_नाशिक:
अरे बाळांनो बकुळ कुणीच सांगितली नाही? बारा महिने हिरवीगार, पान दाट, मुळं भिंतीला त्रास देत नाहीत, आणि फुलं वेचून आईंना देवाला होतील. सावकाश वाढते हे खरं, पण तुमच्या अठरा फुटांत मावेल असं झाड पाहिजे की नाही? कडुनिंब मला आवडतो पण पुढे तो केवढा होतो बघितलंय का, मग फांद्या शेजाऱ्याच्या छपरावर गेल्या की भांडणं. आणि शहरात मोठं झाड तोडायला परवानगी लागते, १९७५ चा कायदा आहे, त्यामुळे आत्ताच विचार करा.

मुरूमवाला:
धन्यवाद सगळ्यांना. माई, बकुळीला सावली धरेपर्यंत आईबाबांनी काय करायचं 🙂 करंजाकडे कल होतोय. एक विचारायचं राहिलं, गुलमोहराचा बुंधा अजून जमिनीतच आहे, त्याला तळाशी तपकिरी, लाकडासारखं कडक, वरून चकाकणारं भूछत्र आलं होतं, पडायच्या आधीपासूनच होतं. त्याच खड्ड्यात लावलं तर चालेल का? माती मोकळी आहे तिथली.

रानवाट:
अजिबात नको. ते गॅनोडर्मा दिसतंय, वर्णनावरून तरी तसंच. ती बुरशी मुळं आणि बुंध्याचं खोड आतून कुजवते, झाड वरून हिरवं दिसतं आणि एका वाऱ्यात जातं, तुमचा गुलमोहर बहुतेक त्यामुळेच गेला. बुंधा आणि हाताला लागतील तेवढी मुळं काढून टाका, नवीन खड्डा निदान आठ-दहा फूट बाजूला घ्या. तीन बाय तीन बाय तीन फुटांचा, मुरूम पहारीने फोडूनच, नाहीतर कुंडीत लावल्यासारखं होईल, पावसाचं पाणी तुंबून मुळं सडतील. भरताना पोयटा, चांगलं कुजलेलं शेणखत, आणि वाळवीसाठी मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड. पावसाने जमीन चांगली भिजली की लावा, म्हणजे जुलैच्या आसपास.

रोप घेताना उंचीला भुलू नका. पिशवी फाडून बघा, मुळं तळाशी गोल गोल फिरलेली असतील तर ते रोप परत द्या, तसंच लावलं तर पुढे मुळं पसरत नाहीत आणि झाड उभं राहायला कच्चं राहतं.

करंजप्रेमी:
आणि माईंचंही ऐका, करंजाच्या शेजारी नाही पण पूर्वेच्या कोपऱ्यात एक बकुळ टाकून द्या, कुणाचं काय जातंय. सावली धरायला करंजालाही काही वर्षं लागणारच, तोवर पश्चिमेच्या खिडकीबाहेर हिरवी नेट बांधा, पण काचेला चिकटवून नको, हात-दोन हात अंतर सोडून, मधून वारा खेळला पाहिजे. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा आळं भरून पाणी द्या, रोज थोडं थोडं शिंपडू नका, मुळं वरच राहतात.

माई_नाशिक:
बकुळीचं रोप नाशिकला आलात तर माझ्याकडून घेऊन जा, दारात आपोआप उगवलीयेत.