काल रात्रीच्या घोडीबद्दल

बी-५०४ : काल रात्री गेटसमोर वरातीतली घोडी पडली, ते आमच्या गॅलरीतून मुलाने पाहिलं. रात्रभर धड झोपला नाही. उठल्याउठल्या विचारतो, "आजोबांचा पाय मोडला तेव्हा प्लास्टर घातलं, मग तिला इंजेक्शन देऊन का मारलं?" काय सांगू?

ए-१२०१ : सरळ आहे ताई. लंगडी घोडी वरातीला चालत नाही. मालकाला खर्च नको असणार.

सी-३०२ : तसं नाही हो. सेक्रेटरींनी मला खाली बोलावलं होतं, पशुवैद्य म्हणून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी. घोडेवाला तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. "डॉक्टर, काही होईल का?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होता. त्या तरुण डॉक्टरने केलं ते योग्यच केलं. सिरिंज माझ्या हातात असती तरी मी तेच केलं असतं.

पुढचा डावा पाय गुडघ्याखाली मोडला होता, नळीच्या हाडाचे तुकडे झाले होते. एक टोक कातडी फाडून बाहेर आलेलं, त्याला रस्त्याची माती लागलेली. आता स्वतःची पोटरी दाबून बघा. हाताला मांस लागतं ना? घोड्याला गुडघ्याखाली मांस नाहीच. हाड, कंडरा आणि वर पातळ कातडी. आपण ज्याला त्याच्या पुढच्या पायाचा गुडघा म्हणतो ते खरं तर मनगट, आणि खूर म्हणजे एका बोटाचं नख. चारशे किलोचं जनावर चार बोटांच्या टोकांवर उभं असतं! पळताना पाय हलका हवा म्हणून सगळे स्नायू वर गेले. पण हाड सांधायला भोवतीच्या मांसातून रक्त मिळावं लागतं. ते तिथे फार थोडं, आणि जखम उघडी असली की जंतू आधी पोचतात.

डी-८०३ : काका, आईला ७८व्या वर्षी खुब्यात रॉड घातला आणि दुसऱ्या दिवशी वॉकर देऊन उभी केली. तसं प्लेट-स्क्रू घालून नाही का जमत?

सी-३०२ : जमतं, पण आईंना "पायावर भार देऊ नका" म्हटलं की त्या ऐकतात. घोडा आडवा पडून राहिला तर स्वतःच्याच वजनाने खालच्या बाजूचे स्नायू चेपतात, खालचं फुप्फुस दबतं, आतडी मंदावतात आणि पोटशूळ उठतो. झोळीत टांगून ठेवतात, पण पट्टे काचतात, आणि बांधून ठेवलेला घोडा घाबरतो. घाबरला की उठून पळायचं, एवढंच त्याला ठाऊक.

१९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्कवर रफियन नावाच्या घोडीचा पाय शर्यतीत मोडला. ऑपरेशन झालं. भूल उतरायला लागली आणि ती पडल्या जागीच पळू लागली, जणू शर्यत अजून चालूच आहे. प्लास्टर गेलं, केलेलं सगळं उखडलं. तिला कायमचं शांत करण्यावाचून उपाय उरला नाही.

बी-५०४ : पण तीन पायांवर उभी राहिली असती तर? आपल्या गेटवरचा काळू तीन पायांवर पळतो.

सी-३०२ : ताई, इथेच सगळं अडतं. काळू पंधरा किलोचा. घोड्याचं साठ टक्के वजन नुसत्या पुढच्या दोन पायांवर असतं. एक मोडला की ते सगळं शेजारच्यावर येतं.

खुराच्या आत एक हाड असतं. ते खुराच्या भिंतीला आतून टांगलेलं असतं, पापुद्र्यांनी. दोन वह्यांची पानं एकात एक घालून दाबावीत तसे. चालताना खुरावर दाब येतो, जातो, त्याबरोबर रक्त फिरतं. आठवडेच्या आठवडे एकाच पायावर उभं राहिलं की ते फिरणं मंदावतं, पापुद्रे सुटू लागतात आणि वरच्या भाराने हाड खुरातच खाली सरकतं. याला लॅमिनायटिस म्हणतात. त्या घोड्याच्या डोळ्यांतली वेदना एकदा पाहिली की विसरत नाही.

बार्बारोचं तेच झालं. २००६ ची केंटकी डर्बी जिंकलेला घोडा. दोन आठवड्यांत प्रीकनेस शर्यतीत मागचा उजवा पाय मोडला. डॉ. डीन रिचर्डसन यांनी प्लेट आणि २७ स्क्रू घालून तो बांधला. भूल उतरताना त्याने धडपड करू नये म्हणून त्याला पाण्याच्या टाकीत तराफ्यावर ठेवून जागं केलं. हाड सांधूही लागलं. पण जुलैत मागच्या डाव्या, म्हणजे धडधाकट पायाला लॅमिनायटिस झाला. पुढे पुढच्या दोन्ही पायांनाही. २९ जानेवारी २००७ ला त्याला जाऊ दिलं. पैसा, माणसं, साधनं, कशाचीच कमी नव्हती हो.

ए-१२०१ : काका, मी घाईत बोललो. त्या घोडेवाल्याची माफी मागायला हवी. घोड्याचं मोडलेलं हाड कधी जुळतच नाही का?

सी-३०२ : जुळतं की. शिंगरू वजनाला हलकं, त्याचं हाड लवकर धरतं. नुसती भेग असेल, हाड जागेवरून हललं नसेल, तर स्क्रूने आवळतात आणि घोडे पुन्हा शर्यतीत धावतात. म्हणून "पाय मोडला म्हणजे संपलं" असं मी एक्सरे पाहिल्याशिवाय कधी म्हटलं नाही. कालच्या पायाला मात्र एक्सरेची गरज नव्हती.

सेक्रेटरींना विनंती. तिचा खूर गेटबाहेरच्या गटाराच्या लोखंडी झाकणावर घसरला. नाल लोखंडाची, झाकण लोखंडाचं, वर टँकरचं सांडलेलं पाणी. घोडे उतरायच्या बंदराचं नाव असलेल्या घोडबंदर रोडवर घोड्याला धड पाय टेकायला जागा नाही, हे माझ्या मनातून जात नाही.

सेक्रेटरी : रविवारच्या मीटिंगला घेतो. झाकण खडबडीत काँक्रीटचं बसवून मिळावं म्हणून आजच अर्ज करतो. तोवर टँकर मागच्या गेटने. आणि आपला हॉल घेणाऱ्यांना घोडी आणू नका असंच लिहून देऊ.

डी-८०३ : घोडेवाल्यासाठी आमच्याकडून २,००० रुपये.

ए-१२०१ : माझेही तेवढेच. मी स्वतः नेऊन देतो.

बी-५०४ : काका, हे सगळं मुलाला वाचून दाखवलं. "पापुद्रे कसे दिसतात?" विचारतोय.

सी-३०२ : संध्याकाळी सहानंतर पाठवा. कॉलेजच्या दिवसांपासून जपलेला एक खूर आहे माझ्याकडे, मधोमध उभा कापलेला. साडेपाचशे-सहाशे पापुद्रे असतात एका खुरात. भिंग काढून ठेवतो.