मदत हवी आहे: स्क्रीन रीडरवर चालेल असं सुरक्षित लॉगिन

अंधेरीतल्या आमच्या ऑफिसात दोघं सहकारी एनव्हीडीए (विंडोजवर पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर) वापरतात. लॉगिनला ऑथेंटिकेटर ॲपचा सहा आकडी कोड लागतो, तो दर 30 सेकंदांनी बदलतो. फोनच्या टॉकबॅकवर (अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर) ऐकून लॅपटॉपवर टाकेपर्यंत बाद! त्यात पानावर सहा वेगळे चौकोन. आकडा टाकला की फोकस आपोआप पुढे जातो, चुकलं कुठे ते कळतच नाही. इअरफोन नसेल तर कोड शेजारच्यालाही ऐकू जातो.

चौकोन एकच ठेवून पेस्ट चालू करतोय. पण खरा उपाय मला यूएसबी फिडो2 किल्लीच (कोडऐवजी लॉगिनसाठी लॅपटॉपला लावायचं छोटं उपकरण) वाटते: पिन टाकायचा, स्पर्श करायचा, झालं.

कुणी वापरलीय का? विंडोजची पिन विचारणारी खिडकी उघडल्यावर फोकस तिथे जातो का? किल्ली हरवली तर काय, दुसरी आधीच नोंदवून ठेवता? पुन्हा ओटीपीवर जायचं नाहीये, फिशिंगला (बनावट पानावर कोड काढून घेण्याला) तीच वाट मोकळी राहते.