न्यूयॉर्कची लायब्ररी: कार्डं तीन, आणि मराठी पुस्तकं शोधायची कशी

नमस्कार मंडळी,
क्वीन्सच्या लायब्ररीचं कार्ड मॅनहॅटनच्या शाखेत चालत नाही, असं का? आणि कॅटलॉगमध्ये मराठी लेखकांची नावं टाकली तर बहुतेक वेळा काहीच येत नाही. कुणी सांगू शकेल का?

---

नमस्कार,
शहर एक, पण लायब्ररी तीन. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीकडे मॅनहॅटन, ब्राँक्स आणि स्टॅटन आयलंड. ब्रुकलिन आणि क्वीन्स स्वतंत्र. कार्डं फुकट आहेत, तेव्हा तिन्ही काढाच. न्यूयॉर्क राज्यात घर, नोकरी किंवा शिक्षण यांपैकी काहीही एक पुरतं, त्यामुळे शेजारच्या न्यू जर्सी राज्यातून मॅनहॅटनला कामाला येणाऱ्यांनाही कार्ड मिळतं. फोटो आयडी आणि नोकरीचा पुरावा बरोबर न्या. लिबी ॲपमध्ये तिन्ही कार्डं घातली की ई-बुकसाठी कुठली रांग छोटी आहे ते लगेच दिसतं. नंबर लागल्यावर तीन दिवसांत पुस्तक घ्यावं लागतं. तेवढ्यात जमणार नसेल तर ते पुढे ढकला, नंबर जात नाही.

मराठीचं दुखणं स्पेलिंगमध्ये आहे. मोठ्या लायब्ऱ्यांत मराठी नावं रोमन लिपीत अक्षरागणिक लिहितात, उच्चारात गळणारा 'अ' धरून. 'श'ला नुसता एस, त्यावर खूण, एच नाही. म्हणून देशपांडे शोधताना डी-ई-एस-ए-पी-ए-एन-डी-ई असं टाका. कुलकर्णीमध्ये एल आणि के यांच्यामध्ये ए हवा. खुणा टाइप करायची गरज नाही. आधी भाषेच्या फिल्टरमध्ये मराठी निवडलंत तर चाळायलाही सोपं जातं.

न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या बेचाळिसाव्या रस्त्यावरच्या मुख्य इमारतीतले संशोधन-विभागाचे ग्रंथ घरी नेता येत नाहीत, वाचनकक्षातच बसून वाचायचे. त्यातले बरेचसे न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनच्या गोदामात असतात, म्हणून आधी ऑनलाइन मागणी नोंदवा आणि पुस्तक आल्याची मेल मिळाल्यावरच जा.

---

वरच्या माहितीत एक भर. उशिराचा दंड ऑक्टोबर 2021पासून तिन्हीकडे बंद आहे. त्याआधी 15 डॉलर थकले की कार्ड अडकायचं, आणि ज्यांना पुस्तकं विकत घेणं परवडत नाही तीच मुलं बाहेर राहायची. फार योग्य निर्णय झाला. आता साधारण महिनाभर उशीर झाला की पुस्तक हरवलं असं धरून किंमत लावतात, पण पुस्तक परत केलं की ती रद्द होते. तेव्हा जुनं पुस्तक सापडलं तर संकोच न करता नेऊन द्या.

नव्याने आलेल्या कुटुंबांना क्वीन्स लायब्ररीच्या, स्थलांतरितांसाठी असलेल्या 'न्यू अमेरिकन्स प्रोग्रॅम'बद्दल जरूर सांगा. तो 1977पासून चालू आहे. इंग्रजीचे वर्गही तिन्ही लायब्ऱ्यांत मोफत असतात, पण जागा भरभर भरतात. नोंदणीची तारीख शाखेत आधीच विचारून ठेवा.