मदत हवी आहे: ‘आहारी जाणे’ चांगल्या अर्थाने चालतं का? (अर्जंट)

खाडीकाठचा: ‘आहारी जाणे’ कायम वाईटच असतं का? उद्या सकाळी छापायला द्यायचंय. हो की नाही एवढंच सांगा.

दर्दी_मालवणी: काय छापतंस? लग्नपत्रिका की व्यसनमुक्तीचो बोर्ड?

निवांत: पूर्ण वाक्य द्या हो. आमच्या घरात सगळे मोबाईलच्या आहारी गेलेत, एवढं मात्र खरं.

खाडीकाठचा: खानावळीचा फ्लेक्स, तारकर्ली रस्त्यावर लावायचाय. ‘एकदा याल, आमच्या माशांच्या आहारी जाल’. आहार शब्द आतच आहे ना! बायको नको म्हणते.

दर्दी_मालवणी: वयनी बरोबर सांगतत. ह्यां वाचल्यार वाटता, मासोच गिऱ्हायकाक खातलो.

शब्दवेडा: दारूच्या, मटक्याच्या, रागाच्या... ‘आहारी’च्या आधी असलंच काहीतरी येतं. लगाम त्या वस्तूच्या हाती गेलेला असतो. ‘चोचले पुरवणे’, ‘लाड पुरवणे’ यात पुरवणारा निदान शुद्धीवर असतो. ‘जिभेचे चोचले पुरवायला या’ लिहा.

निवांत: चोचले? आमच्याकडे हा शब्द टोमण्यातच येतो. ‘पगार केवढा नि चोचले केवढे!’ त्यापेक्षा ‘हौस’ बरा.

शब्दवेडा: टोमणा माणसाच्या चोचल्यांना असतो. जिभेच्या चोचल्यांचं लोक कौतुकच करतात. आणि ‘हौस फिटली’ असं बिल बघूनही म्हणता येतं.

गीर्वाण: ‘डोहाळे’ का नको? मूळ संस्कृत ‘दोहद’. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त अशोक फुलावा म्हणून मालविका त्याला लाथ मारते, तेही दोहदच.

खाडीकाठचा: गिऱ्हाईक गरोदर नाहीत हो!!

बंदरावरून: 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. आत्ता फ्लेक्स कशाला? पहिल्याच वाऱ्यात फाटेल. पत्र्यावर रंगवून घ्या.

खाडीकाठचा: बंदी यांत्रिकी बोटींना असते, बिगरयांत्रिकी होड्यांना नाही. आणि पावसात सुकं असतंच. निखाऱ्यावर भाजलेल्या बांगड्याची किसमूर, कांदा नि ओलं खोबरं घालून, सोबत गरम पेज. पण मी शब्द विचारला होता.

शब्दवेडा: मग पाटीवर खाली हेच लिहा की.

निवांत: किसमुरीत कोकम की चिंच?

दर्दी_मालवणी: चिंच घालणाऱ्याक हयसून भायर काढा.

खाडीकाठचा: ‘जिभेचे चोचले’ फायनल, खाली किसमूर-पेज. बायकोचा होकार आलाय. आणि कोकमच.