लेखनिक: माणुसकी की हक्क?

शुक्रवारपेठी: अकरावीत असताना शेजारच्या अंध दादाच्या बारावीच्या पेपरांना मी लेखनिक होते. तीन तासांचा पेपर, तासाला २० मिनिटं जादा, म्हणजे सलग चार तास ऐकून लिहायचं. इतिहासाच्या पेपरानंतर बोटाला फोड आला. आज दादा बँकेत आहे, काकू अजून दिवाळीला चकल्या पाठवतात. माझं मत: असं एकेकट्यानं केलेलं काम कुठल्याही योजनेआधी पोचतं.

सहाबिंदू: नाही पटत. मी पूर्ण अंध, एम.ए. झालोय. तुमच्यासारखी शेजारीण मिळाली तर वर्ष तरलं, नाही मिळाली तर? टीवायला ठरलेली मुलगी आदल्या रात्री तापानं फणफणली. तिचा काय दोष! धावपळ करून मिळाली ती कॉमर्सची. ‘माँटेग्यू-चेम्सफर्ड’ चारदा सांगितलं, शेवटी म्हटलं, ‘१९१९चा कायदा’ लिही. वर पेपर सुटल्यावर तोंडभर आभार मानायचे, कारण परवाच्या पेपराला पुन्हा तिचेच पाय धरायचे.

निमसरकारी: रडगाणं कशाला? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात लेखनिक आणि वाढीव वेळ दोन्ही आहे. केंद्राच्या २०१८च्या सूचनांत लेखनिकांचं पॅनेल करायची सोय आहे. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तर लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या, कायद्यातल्या ४० टक्के अपंगत्वाच्या अटीत न बसणाऱ्या उमेदवारालाही लेखनिक दिला.

लेकाचीआई: कायदा पेपरला येऊन बसत नाही हो. कॉलेजात विचारलं तर, ‘पॅनेलबिनेल काही नाही, तुमचं तुम्ही बघा.’ मग बघितलंच. सोसायटीतली एक पोरगी आली, म्हणून माझ्या मुलाचं वर्ष वाचलं.

सहाबिंदू: ताई, हेच तर म्हणतोय. तिथल्या बाबूंना माहीत असतं, कुणीतरी पोरगी येईलच. म्हणून पॅनेल होत नाही.

आणि खरं सांगू? मला लेखनिकच नको. त्याच सूचनांत संगणकावर उत्तरं लिहायची मुभा आहे. एनव्हीडीए हे स्क्रीन वाचणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, मराठी वाचून दाखवतं. आवाज थोडा यंत्रमानवी आहे, पण निदान सुस्कारे तरी टाकत नाही.

शुक्रवारपेठी: चकल्यांचं जरा मिरवल्यासारखंच झालं, मान्य. पण संगणक मिळेपर्यंत मी सांगायचं काय पोरांना, जाऊ नका?

सहाबिंदू: जाऊ द्या की! फक्त उत्तर ‘सुधारून’ लिहू नका म्हणावं. माझी चूक माझी असू द्या. एकीनं मला न विचारता शेवटचा परिच्छेद स्वतःच्या मनानं लिहिला होता. चांगल्या मनानं हो, पण पेपर माझा होता.

निमसरकारी: हे मात्र पटलं.

देवगडकर: लेक अकरावीत आहे, अक्षर बरं आहे. बारावीच्या मुलाला चालेल?

सहाबिंदू: चालेल, खालच्याच इयत्तेची लागते. त्याच्या कॉलेजात आधी नाव कळवा. आणि पेपरापूर्वी दोनतीनदा दोघांना एकत्र बसवा, माझा सांगायचा वेग काही जणांना झेपत नाही.