पेपरात मंदी, सराफ्यात गर्दी, खरं काय समजायचं?

इंदूरी_बाळ्या: जुलै-सप्टेंबर २०२४ चा देशाच्या जीडीपी वाढीचा दर ५.४ टक्क्यांवर आला आणि चॅनेलवाल्यांनी जणू सुतकच धरलंय, पण रात्री आपल्या इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत गराडू (तळलेला कंद) खायला गेलो तर पाय ठेवायला जागा नाही, मग मंदी आहे तरी कुठे?

अण्णा_राजवाडा: अरे ५.४ ही वाढ आहे, घट नव्हे, वेग कमी झालाय इतकंच. पण ठेल्यावरच्या गर्दीवरून काही ठरवू नकोस बाबा, फ्लॅट नि गाडी पुढे ढकलली तरी माणूस जिभेचे चोचले पुरवतोच.

पीथमपूर_सेकंड_शिफ्ट: आमच्याकडे पीथमपूरच्या कारखान्यांत या. ओव्हरटाइम बंद, ठेकेदाराची पोरं घरी बसलीत, कंपनीची बस अर्धी रिकामी. हे टीव्हीवर पण नाही आणि तुमच्या सराफ्यात पण दिसणार नाही.

मीनाकाकू: सराफ्यात दिवसा जा की कधीतरी! रात्री जिथे जिलबी तळतात तिथेच दुपारी बायका जुन्या पाटल्या काट्यावर ठेवून मोडीत घालतात, ऐन लग्नसराईत.

इंदूरी_बाळ्या: काकू, मोड घातली म्हणजे तंगीच असं थोडीच, भाव चढला की आमची आई पण घालते. पीथमपूरवाले दादा, ओव्हरटाइम कधीपासून बंद आहे?